पाचव्या राउंडला सुटणारी नाडी

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं, मुलींना ८००. त्याला २० गुण, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५, असे मैदानाचे एकूण ५० गुण. मुलानं १६०० मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत संपवलं की वीसपैकी वीस. आमच्या चौक परिसरातल्या बारावी झालेल्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, हे आकडे तो न अडखळता सांगेल. वावर्ले, तुपगाव, नढाळ, आसरे, वरच्या ठाकूरवाड्या, सगळीकडे हीच गत. वर्दीची नोकरी म्हणजे घराचं सोनं झालं असं समजणारी ही गावं आहेत. समजतात त्यात चूकही काही नाही. खोपोली-खालापूरच्या कारखान्यांत कंत्राटदाराच्या हाताखाली बारा तास उभं राहून काय हातात पडतं ते त्यांनी घरातच पाहिलेलं असतं.

मी इथल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. दिवसा शाळेची मुलं आणि पहाटे ही भरतीची पोरं. पगार पहिल्यांचा मिळतो, झोप दुसऱ्यांपायी जाते. ४०० मीटरचा ट्रॅक बसेल एवढं मैदान आमच्याकडे नाही. मी फक्की मारून २०० मीटरचा गोल आखतो. त्याची एक बाजू उताराची आहे, त्यामुळे अर्धा गोल फुकटचा आणि अर्धा वसुलीचा. १६०० साठी असे आठ राउंड. पाच-दहात यायचं तर प्रत्येक राउंड एकोणचाळीस सेकंदांच्या आत पडला पाहिजे. मी स्टॉपवॉच घेऊन रेषेवर उभा राहतो आणि आकडे ओरडतो.

पहिला राउंड सगळेच हिरो असतात. छत्तीस, पस्तीस, एखादा तर बत्तीसमध्येच येतो आणि माझ्याकडे बघून हसतो. त्याचं पुढं काय होणार ते मला तिथंच कळतं. दुसऱ्या-तिसऱ्याला हसू जातं, पण पाय चालतात. आठव्याला शेवट डोळ्यांसमोर असतो, मेलेलाही पळतो. सातव्याला ‘आता एकच’ म्हणता येतं. खरी गोम पाचव्या आणि सहाव्या राउंडला आहे. सुरुवातीची उमेद संपलेली, शेवट दिसत नाही, बघणाऱ्यांचं लक्ष दुसरीकडे गेलेलं. खांदे कानांकडे चढायला लागतात, मुठी आवळतात, मान एका बाजूला कलते. बरगडीखाली चमक भरते. मी ओरडतो, “खांदे सोड! हात खाली! तोंड उघड!” आणि नेमकं तेव्हा कोणीतरी थांबतो, खाली वाकतो आणि बुटाची नाडी बांधायला लागतो.

इतक्या वर्षांत पहिल्या राउंडला कोणाची नाडी सुटलेली मी पाहिली नाही. आठव्याला तर नाहीच नाही. नाड्या पाचव्यालाच सुटतात. मी त्या पोरांना कधी खोटं पाडत नाही, कारण नाडी खरंच सुटलेली असते. ढिली ती पहिल्यापासून असते, पाचव्याला फक्त ती आठवते.

मी ख्रिस्ती आहे. मूळचे आम्ही नगर जिल्ह्यातले, आता अहिल्यानगर म्हणायचं. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर, त्यामुळे घरात पवित्र शास्त्र आणि छडी दोन्ही हाताशी. नोकरीनिमित्त इकडे आलो तेव्हा चौकात आमच्या मंडळीचं कोणी नव्हतं. रविवारच्या उपासनेला गाडी बदलत जावं लागायचं, आजही जावं लागतं. एकदा पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. “सर, तुम्ही धावण्याचं शिकवता, पौलही धावण्याचं लिहितो, त्यावर बोला.” मी जे बोललो ते साधारण इथं लिहितोय. तेव्हा पाच मिनिटांत आटपलं होतं, आता ऐसपैस.

पौलाला धावण्याची उपमा सुचली ती हवेतून नाही. करिंथ शहरात तो सुमारे दीड वर्ष राहिला, तंबू शिवून पोट भरत होता. करिंथच्या जवळच इस्थमियाला दर दोन वर्षांनी खेळांचा मोठा मेळा भरायचा. पळणं, कुस्ती, मुष्टियुद्ध, रथांच्या शर्यती. ऑलिंपियाखालोखाल ज्या मेळ्यांचं नाव होतं त्यांतला हा एक. एवढी माणसं उतरायची म्हणजे तंबूवाल्याचे ते सुगीचे दिवस असणार. पुढं त्या करिंथच्या मंडळीला पत्र लिहिताना तो शर्यतीचं उदाहरण देतो, कारण ऐकणाऱ्यांनी ती डोळ्यांनी पाहिलेली होती. धावतात सगळे, बक्षीस एकाला मिळतं, म्हणून तुम्ही मिळेल असं धावा, असा त्याचा आशय. तिथल्या विजेत्याला सोनं-रुपं मिळत नसे. पानांचा मुकुट मिळायचा आणि तो सुकून जायचा. पौल त्याच्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, यासाठी ही माणसं एवढे कष्ट करतात, मग तुमचं काय?

प्रवचनांत हे उदाहरण बहुधा इथंच संपतं. जोरात धावा, जिंका, हालेलुया. माझ्यासारख्या स्टॉपवॉचवाल्याला मात्र दुसरं पत्र जास्त जवळचं वाटतं, इब्री लोकांस लिहिलेलं. ते कोणी लिहिलं यावर पंडितांचं एकमत नाही, पण कोणासाठी लिहिलं ते पत्र वाचताना लगेच कळतं. ही माणसं नवी नव्हती. विश्वासात येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. सुरुवातीला त्यांनी मार खाल्ला, मालमत्ता गमावली, आणि ते सगळं उमेदीनं सोसलं. आता छळ पूर्वीइतका नव्हता, पण उमेदही नव्हती. हात गळालेले, गुडघे लटपटणारे, काही जणांनी तर एकत्र जमणंसुद्धा सोडलेलं. लिहिणारा त्यांना वेगानं पळायला सांगत नाही. अंगावरचा भार टाका आणि नेमून दिलेली धाव धीरानं धावत राहा, एवढंच तो म्हणतो. हे पाचव्या राउंडच्या माणसांना लिहिलेलं पत्र आहे.

विश्वासाचा पाचवा राउंड काय असतो ते आमच्या मंडळ्यांत बसून बघावं. बाप्तिस्म्याला गर्दी असते, लग्नाला असते, प्रेतयात्रेलाही असते. मधल्या तीस-चाळीस वर्षांत कोणी बघायला नसतं. पोरांच्या फिया, बदली, आईचं आजारपण, रविवारी ओव्हरटाइम. “यायचं होतं, पण या रविवारी...” असं कोणी सांगायला लागलं की मला नाडी दिसते. तीही खरीच सुटलेली असते, हे मी मैदानावर शिकलो, म्हणून मी त्या माणसाला बोल लावत नाही. पहाटे अंधारात प्रार्थनेला बसून काहीही वाटू नये, देव ऐकतोय की नाही याचा पत्ता लागू नये आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसावं, ही गोष्ट साक्षीत सांगण्यासारखी नसते. तिला टाळ्या पडत नाहीत.

मराठी ख्रिस्ती माणसाला याचा दाखला शोधायला लांब जायला नको. पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की लोक त्यांचं संस्कृत, कलकत्त्यातला सत्कार, अमेरिकेतली व्याख्यानं सांगतात. मला त्यांची शेवटची वर्षं मोठी वाटतात. केडगावला मुक्ती मिशनमध्ये शेकडो बायका-मुलींचा संसार सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना समजेल अशा मराठीत सगळं बायबल उतरवायला बसल्या. छापखाना तिथलाच, टाईप जुळवणारे हातही तिथल्याच बायकांचे. या कामाला वर्षानुवर्षं गेली. कान साथ देईनासे झाले होते. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. आई तरीही उठली आणि प्रुफं तपासायला बसली. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई वारल्या आणि पूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते १९२४ साली. त्या मधल्या वर्षांत केडगावात सनसनाटी असं काही घडत नव्हतं. एक बाई रोज काही ओळी पुढं सरकत होती.

आमच्या मैदानाच्या कडेला एका पोराचे आजोबा येऊन बसतात. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी कधी चुकवली नाही. एकदा मी त्यांना म्हटलं, “आबा, तुम्ही एवढं चालता, कंटाळा येत नाही?” ते म्हणाले, “येतो की. कंटाळा आला म्हणून नेम मोडायचा व्हय मास्तर? नेमाला कंटाळा ठाऊक नसतो.” नारायण वामन टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. मला त्या दिवशी वाटलं, तो पूल अजून वाहता आहे. पौलाची शर्यत मला एका माळकऱ्यानं जेवढी समजावली तेवढी पुस्तकांनी नाही. त्यांच्या नातवाला मात्र आजोबांचा नेम नको, शॉर्टकट हवा असतो. टपरीवर मिळणारी कसलीशी पावडर घेऊ का म्हणून त्यानं मला विचारलं होतं. त्याला काय ऐकवलं ते इथं छापण्याजोगं नाही.

आता उपमेचा सांधा जिथं निखळतो तिथं येतो. भरतीत जागा मोजक्या. मैदानात निम्मे गुण मिळवायचे, मग एका जागेमागे दहा जण लेखीला बोलावतात, त्यातला एक लागतो. उरलेल्या नवांनी कमी घाम गाळलेला असतो असं नाही. अर्ध्या गुणानं गेलेली पोरं मी पाहिली आहेत. घरी काय सांगायचं या विचारानं ती अलिबागहून परत येताना पेणच्या एसटी स्टँडवर दोन-दोन गाड्या सोडून देतात. त्यांना मी काय सांगू, मिळेल असं धावा? ते तसंच धावले होते.

म्हणून मला पौलाचं आयुष्याच्या अखेरीचं बोलणं जास्त पटतं. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो कैदेत आहे, मरण समोर दिसतंय. धाव संपवली, असं तो म्हणतो. पहिला आलो, असं म्हणत नाही. आणि मुकुटाविषयी तो स्पष्ट सांगतो की तो एकट्याला नाही, प्रभूची वाट पाहणाऱ्या सगळ्यांना आहे. करिंथकरांना लिहिताना एकाला मिळणारं बक्षीस इथं सगळ्यांचं झालं. या शर्यतीला मेरिट लिस्ट नाही. हे कळायला पौलालासुद्धा सगळे राउंड लागले असावेत, असं माझं आपलं मत. पाळकसाहेब याला मान्यता देतील की नाही, सांगता येत नाही.

आमच्या पोरांना अविनाश साबळेचं भारी वेड. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा शेतकऱ्याचा पोरगा, सैन्यात गेला आणि ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये राष्ट्रकुल रौप्य, आशियाई सुवर्ण मिळवून आला. मी त्यांना त्याची दुसरीच शर्यत सांगतो. जुलै २०२४, पॅरिसची डायमंड लीग. साबळे सहावा आला. सहावा! आणि वेळ होती आठ मिनिटं ९.९१ सेकंद, तोपर्यंतची कुठल्याही भारतीयाची सर्वांत चांगली. नंबर बघितला तर हरला, घड्याळ बघितलं तर त्याआधी कधी धावला नव्हता एवढा चांगला धावला. पोरं यावर थोडा वेळ गप्प बसतात आणि मग कोणीतरी म्हणतं, “सर, पण भरतीत नंबरच बघतात.” बरोबर आहे. भरतीत नंबरच बघतात.

धीर म्हणजे जीव देणं, असा एक गैरसमज मैदानातही आहे आणि मंडळीतही. २०१४ साली मुंबईच्या पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावताना काही उमेदवार उन्हात कोसळून दगावले. त्यानंतर अंतर कमी केलं गेलं. मी तेव्हापासून पोरांना पहिली गोष्ट शिकवतो ती थांबायची. डोळ्यांपुढं अंधारी आली, घाम यायचा बंद झाला, अंगावर काटा आला, तर तिथंच बसायचं, गुण गेले खड्ड्यात. आणि आठवड्यातून एक दिवस पळायचं नाही. आमच्याकडे तो दिवस रविवार आहे. पोरांना वाटतं सरांना चर्चला जायचं असतं म्हणून सुट्टी. तेही खरं आहे. पण स्नायू विश्रांतीत घडतात, पळताना फक्त झिजतात, हे शरीरशास्त्र आहे आणि ते शब्बाथाच्या आज्ञेशी एवढं जुळतं की मला गंमत वाटते.

रविवार म्हटला की एरिक लिडेल आठवतोच. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून हा स्कॉटिश धावपटू त्यात उतरला नाही. ४०० मीटर त्याची मुख्य शर्यत नव्हती, ती धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेऊन गेला. या गोष्टीवर पुढं सिनेमा निघाला, गाजला. सिनेमा जिथं थांबतो तिथून पुढचं मला महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याच वर्षी लिडेल मिशनरी म्हणून चीनला गेला. युद्धात १९४३ साली जपान्यांनी त्याला वेइशियनच्या छावणीत कोंडलं. तिथं तो मुलांना शिकवायचा, त्यांचे खेळ घ्यायचा, म्हाताऱ्यांचं पाणी भरायचा. रविवारी खेळ घ्यायला त्याचा आधी नकारच होता. मग त्या दिवशी मुलं आपली आपण हॉकी खेळायला उतरली आणि भांडून एकमेकांवर धावून गेली. त्यानंतर ज्या माणसानं रविवारसाठी ऑलिंपिकची शर्यत सोडली होती तो रविवारी शिट्टी घेऊन पंच म्हणून उभा राहिला. पॅरिसपेक्षा मला हे मोठं वाटतं. नेम कोणासाठी असतो ते त्याला कळलं होतं. फेब्रुवारी १९४५ मध्ये मेंदूतल्या गाठीनं तो छावणीतच वारला, अवघ्या ४३ व्या वर्षी. छावणी सुटली त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये.

आमच्या पोरांना चढाचा सराव लागतो. पूर्वी आम्ही इर्शाळगडाच्या वाटेनं चढायचो, पायथ्यापासून इर्शाळवाडीपर्यंत. गाडी जाईल असा रस्ता नव्हता. वाडीतली ठाकरांची मुलं तीच वाट दप्तर घेऊन उतरायची आणि चढायची. आमची भरतीची पोरं जिथं धापा टाकायची तिथं ती गप्पा मारत पुढं निघून जायची. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खाली आला. वर यंत्र नेता येईना, पावसामुळं हेलिकॉप्टर उडेना. बचावाची माणसं, गिर्यारोहकांची पथकं, आसपासच्या गावांतले तरणे, सगळे अंधारात चिखलातून चढले आणि फावड्या-घमेल्यांनी माती उपसत राहिले. २७ मृतदेह सापडले. ५७ माणसं सापडलीच नाहीत. चौथ्या-पाचव्या दिवशी शोध थांबवला. वाचलेल्यांना पुढं चौक-मानिवलीला सिडकोनं घरं बांधून दिली.

पुढच्या रविवारी उपासनेत एकानं मला विचारलं, “सर, तुम्ही त्या भागातले. या लोकांची धाव पूर्ण झाली म्हणायची का?” प्रेतविधीला आमच्याकडे तीमथ्याच्या पत्रातला तोच भाग वाचतात, म्हणून त्यानं विचारलं. मी काही बोललो नाही. झोपेत गाडल्या गेलेल्या लेकरांविषयी असं वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही. घरी येऊन मी इब्री पत्र पुन्हा उघडलं. धावेचा भाग बाराव्या अध्यायाच्या सुरुवातीला आहे. त्याच्या आधीचा अख्खा अकरावा अध्याय म्हणजे नावांची यादी, आणि त्या यादीच्या शेवटी साफ लिहिलंय की या सगळ्यांना जे वचन दिलं होतं ते त्यांच्या हयातीत मिळालं नाही. न पोचलेल्यांची यादी आधी, आणि धावा हे नंतर. आपल्याशिवाय त्यांचं पूर्ण व्हायचं नाही, असाही तिथं आशय आहे. याचा अर्थ मला पुरता लागलेला नाही. तेव्हापासून मी चढाचा सराव त्या वाटेवर घेत नाही, दुसरीकडे घेतो.

मधल्या काळात माझ्याकडे पळालेल्यांपैकी काही पोलिसात आहेत, काही होमगार्डमध्ये, एक जण एसटीत कंडक्टर झाला. बाकीचे बरेच पुन्हा कंपनीत बारा तास उभे आहेत. त्यातला एक, वयोमर्यादा उलटून गेलेला, अजून पहाटे येतो. त्याला आता कुठलाच फॉर्म भरता येत नाही. मी त्याला स्टॉपवॉच देतो आणि नव्या पोरांच्या पाचव्या राउंडला समोरच्या वळणावर उभं करतो. कोणी वाकलं की तो लांबूनच हाक मारतो, “नाडी राहू दे, ये तसाच!” त्याला पवित्र शास्त्र ठाऊक नाही, पण इब्री पत्रात धावणाऱ्यांभोवती जो साक्षीदारांचा मेळा सांगितलाय त्यात मी त्याला धरतो.

पावसाळ्यात मैदानाचं तळं होतं, तेव्हा आम्हाला रस्त्यावर उतरावं लागतं. पोरं डाव्या कडेला एकामागे एक असतात, पण अंगावर चमकणारी पट्टी सगळ्यांकडे नसते आणि समोरून येणाऱ्या गाडीचा झोत थेट डोळ्यांत आला की पायाखालचा खड्डा दिसत नाही. चौक-कर्जत रस्त्यानं पहाटे पाच ते साडेसहाच्या दरम्यान जाणार असाल तर एवढं करा. माणसं पळताना दिसली की दिवा डिपरवर घ्या, वेग कमी करा आणि हॉर्न मारू नका.